दहा मिनटांचे वास्ते

या मायबापहो, जवळ सरका, दवाखान्याच्या बाकावरची एक गोष्ट ऐका. आत भैयाजींना सलाईन लागलं होतं, अन् बाहेर त्यांची बायको गुणाबाई नव्या सुनेवर कडाडत होती.

“बांबूचे वास्ते, हे कोवळे कोंब, रातभर भिजवून, उकळून, पाणी फेकाव लागते! मी वावरात गेली अन् तू कच्चेच भाजीत काऊन घातले?”

“आई, टीव्हीवाल्या बाईच्या सैपाकाच्या पुस्तकात दहा मिनटं लिहून हाये.”

“दहा मिनटात त तिची पावडर लावून होत नाई! तिचे वास्ते डब्यातले, उकळलेले. आपले जंगलातले, जहर! कडू लागले नाई तुले?”

“मी खाल्लेच नाई. मामाजी म्हणाले, मस्त झाले, सारे मलेच दे. माह्या ताटातलेबी घेतले.”

गुणाबाईनं दारातून आत नवऱ्याकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाली, “इकडे सरक, पोरी.”

मायबापहो, देवापुढं हात जोडाल तेव्हा भैयाजींना विसरू नका.