इनेशच्या आजोबांचं कडू मीठ

पनवेल डेपोत उरणच्या बसची वाट बघणाऱ्या वैद्यबाईंच्या पाठीमागे आजोबा-नातीचं चाललं होतं. नातीच्या हातात मोबाइल.

“आजोबा, आम्ही चार देशांतली मुलं मिळून मिठाची वेबसाइट करतोय ना, त्यातली पोर्तुगालची इनेश विचारतेय. तिच्या आजोबांचं मीठ यंदा कडू निघालं.”

“मीठ वढायच्या आधी जुनं कडू पानी भाईर सोडत नसंल त्यो. सगलं सोडून दे म्हनावं.”

“लिहिलं. आता ती आपल्या मिठागराचा फोटो मागतेय.”

“आपल्या मिठागरात आता कंटेनर हायेत.”

वैद्यबाई मागे वळणार होत्या, वळल्या नाहीत.

“मग काय टाकू?”

“तिच्या आजोबाचं मिठागर हाय ना अजून? त्याचाच फोटो मागव. मोठा. मला पार बांधापर्यंत दिसला पायजे.”