नळाचं पाणी

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात एका बाईच्या पुढे रांगेत एक आजी-आजोबा दबक्या आवाजात भांडत होते.

“तश्शाच लाल कोळंब्या घ्या. नातीला कळणारसुद्धा नाही.”

“अगं, ती एकेकीला ओळखते.”

“टाकी चकचकीत करायला सांगितलं होतं कुणी?”

“वाटलं, खूश होईल. नळाच्या पाण्यातलं औषध उडायला रात्रभर उघडं ठेवा म्हणाली होती. मी थेट भरलं.”

आजोबांचा फोन वाजला.

“तिचाच! कोळंब्या झोपल्यात म्हणून सांगा.”

“बाळा... तुझ्या कोळंब्या मेल्या गं. माझ्यामुळे. हो, सगळंच पाणी बदललं... नव्या आणतो ना... बरं. नाही आणत.”

“काय म्हणाली?”

“मी येईपर्यंत टाकीला हात लावू नका म्हणाली.”

आजोबा रांगेतून बाजूला झाले.

“व्हा पुढे, ताई.”