लालला काळी

सावित्राबाई : चाल माझीच हाय, सुषमा. पन शबुद कुटंयत? तोंडात भाकर धरून गायल्यावानी येतंय.

सुषमा : स्पीकरच्या पेट्या मीच बांधल्यात, आये. पाच येळा खोलून बघितल्या. समदं बरोबर हाय.

कैलास : सुषमाताई, माझ्या दुकानातून ही नेलीत तेव्हाच मी बोललो होतो. ही तयार क्रॉसओव्हरची पट्टी जाड आवाज मोठ्या स्पीकरला देते, बारीक आवाज छोट्याला. पण ती कुठल्या स्पीकरसाठी बनवली, कोण जाणे. मधला आवाज दोघांच्या मध्येच हरवतो, आणि शब्द नेमके तिथंच असतात.

सुषमा : दुसरी पट्टी?

कैलास : मागवायला चार दिवस.

सुषमा : हळद उद्या हाय, भाऊ. आज शबुद कळलं न्हाईत तर माझा पोरगा निलेश डीजे आननार.

सावित्राबाई : दोन वर्सं गळा बसलाय माझा. त्याच्या आदी मोबाइलात भरली म्हनून गानी ऱ्हायली. नातीच्या हळदीला न्हाई, तर मग कवा? त्या तारा कशा जोडल्यास गं?

सुषमा : लालला लाल, काळीला काळी. वराळ्याच्या वायरिंगच्या कंपनीत नऊ वर्सं हेच करते. एक तार उलटी गेली की अख्खा लॉट माघारी.

सावित्राबाई : म्हंजी दोन्ही स्पीकर एकाच अंगाला वळत्यात. ओली गोधडी पिळताना तू माझ्याच अंगाला पिळलीस तर पानी निघंल का?

सुषमा : न्हाई. नुसती गोल फिरंल.

कैलास : मावशी, गोधडीचा इथं काय संबंध?

सुषमा : कैलासभाऊ, बारक्या स्पीकरच्या तारा उलट्या लावल्या तर जळंल का?

कैलास : जळणार नाही. पण पट्टीवर छापलंय, लालला लाल—

सुषमा : छापनाऱ्यानं माझा स्पीकर कुटं बघितलाय.

[सुषमा दोन्ही पेट्यांतल्या छोट्या स्पीकरच्या तारा उलट्या लावते. गाणं पुन्हा सुरू होतं.]

कैलास : ‘हळद वाटली कुणी, नवरीच्या मावळणींनी...’ शब्दन् शब्द कळतोय. म्हणजे मधल्या आवाजात दोन्ही स्पीकर एकमेकांना खोडत होते. सतरा वर्षं दुकान चालवतोय, आणि हे गोधडीवरून शिकलो.

सुषमा : निलेशला सांगा, डीजे ऱ्हाऊ दे म्हनावं. आये, ऐकलंस न्हवं?

सावित्राबाई : चुकलंय माझं. हळद मामींनी वाटायची, मावळणींनी म्हंजी आत्यांनी न्हाई. मोबाइलच्या बारक्या आवाजात कळलंच न्हवतं.

सुषमा : आता गं? ते पुसता न्हाई यायचं.

सावित्राबाई : पुसायचं कशाला? तेवढी ओळ उद्या बसल्या गळ्यानं मीच म्हनंन.