मामाचा सूर

लग्नाच्या गडबडीचा विषय निघालाय म्हणून सांगतो. पेडण्यात माझ्या बहिणीच्या लग्नात मुहूर्त तोंडावर आला आणि मंगळसूत्राची डबी सापडेना. आई खोल्या उपसतेय, मी गाडीची डिकी पुन्हा पुन्हा उघडतोय, भटजी घड्याळ दाखवतायत. मांडवात सनई चालूच.

आमचा मामा सनईवाल्याच्या शेजारी बसून सूर धरतो, म्हणजे एकच स्वर अखंड वाजवतो. गालातली हवा फुंकता फुंकता नाकानं नवी घ्यायची, मध्ये थांबायचं नाही. माझ्याकडे बघून तो डोळे गरागरा फिरवायला लागला, मग खाली बघायला लागला. याचा श्वास अडकला असं वाटून मी पेपर घेऊन त्याला वारा घालत बसलो.

सनई थांबली. मामानं दम घेतला आणि मांडीखालून डबी काढली. गडबडीत आईनंच ती त्याच्याकडे सांभाळायला दिली होती.

"मगाशी सांगूक काय झाला तुका?" आई भडकली. "मुहूर्त चुकलो असतो तर?"

"दुपारचो दुसरो आसा," मामा म्हणाला. "तुटलेलो सूर कोण जोडून दितलो?"