फणसाच्या आळंब्यातला विस्तव

नाव माझं अनसूया, माहेर कणकवलीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला, आणि आमचा बापूस गुरं राखायचा, दिवसभर रानात, कमरेला एक चामड्याची पिशवी, त्या पिशवीत तीनच वस्तू, पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि आळंबं. आता आळंबं म्हटलं की तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असणार, ती पावसातली पांढरी, कालवण करायची, तशी नव्हे हो, हे वेगळं! हे फणसाच्या म्हाताऱ्या खोडावर येतं, घोड्याच्या खुरासारखं, लाकडासारखं कडक, वरनं काळं आणि फोडलं की आत पिवळट तपकिरी. बाळाचं तोंड आलं की आमच्याकडे ते सहाणेवर उगाळून लावतात, बाळंतिणीच्या घरात एक खांड असतंच. पण बापूस त्यात विस्तव धरायचा! गारगोटीवर पोलाद मारलं की ठिणगी उडते, ती आळंब्यावर पडली की जाळ होत नाही, नुसता लाल ठिपका, आणि तो ठिपका पुढे पुढे सरकत जातो, वाऱ्याने विझत नाही, उलट फुलतो. मी पाच वर्षांची असेन, मी त्याला म्हटलं, बाबा, ह्याच्यात किडो आसा काय लाल? तो हसून हसून लोळायचा बाकी होता.

लग्न होऊन लालबागला आले ती अठराव्या वर्षी. आमचे हे गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात, दहा बाय बाराची खोली, त्यात सासू, हे, मी आणि गावाहून आलेले दोन भाऊबंद. बापसाने निघताना ती पिशवी माझ्या ट्रंकेत टाकली होती, आळंबं मात्र जुनं, भुगा झालेला. पोलाद आहे, गारगोटी आहे आणि आळंबं नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, जिवाला चैन पडेल? चाळीतल्या बायका हसायच्या, काडेपेटीच्या जमान्यात काय गो ही चकमक घेऊन बसतेस, आदिवासी बरी. मी म्हणायची हसा, हसा.

माझी मावशी गिरगावात राहायची, फणसवाडीत. तिच्याकडे हळदीकुंकवाला गेले आणि मागच्या अंगाला विहिरीपाशी हात धुवायला गेले तर काय सांगू तुम्हाला, समोर फणस! अर्धा वाळलेला, आणि पुरुषभर उंचीच्या वर, बुंध्याला, एकाखाली एक अशी तीन आळंबी! मला तर बापूसच भेटल्यासारखं झालं. मागचा पुढचा विचार नाही, नऊवारीचा काष्टा आवळला, विहिरीच्या कठड्यावर पाय दिला आणि चढले, हळदीकुंकवाची वेणी डोक्यात तशीच. वरच्या गॅलरीतनं एक गृहस्थ ओरडतायत, अहो बाई, काय करता, पडाल, विहीर आहे खाली! मावशी कपाळाला हात लावून उभी, म्हणते, गो भवाने, लोक काय म्हणतीत? मी वरनं सांगितलं, मावशे, पदर पसर, टाकतंय खाली! तीन आळंबी घेऊन मी लालबागपर्यंत चालत आले, ट्रामला पैसे होते, पण एका जागी बसवेना हो मला आनंदाने.

मग काय, पातळ कापा काढल्या, चुलीतली राख पाण्यात कालवून ते पाणी निवळून घेतलं, त्यात उकळल्या, गॅलरीत सावलीला वाळवल्या, आणि मुसळाने कुटायला बसले. कुटा, कुटा, कुटा, चामड्यासारखं मऊ होईपर्यंत. खालच्या मजल्यावरनं पार्वतीकाकी ओरडतेय, कसला उद्योग चाललाय, आमच्या डोक्यावर छप्पर पाडशील! पहिल्या ठिणगीला धरलं बघा, पहिल्या! ह्यांनी त्याच्यावर विडी पेटवली आणि म्हणाले, सासरेबुवा गिरणीत असते तर मास्तर झाले असते. सगळी खांडं मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून फळीवर ठेवली.

आता मी जे सांगते ते कुणाला सांगितलेलं नाही, तुम्ही लिहून घेताय तर घ्या.

आमच्या चाळीत तळमजल्याला, नळाच्या पलीकडे, शेवटच्या खोलीत रखमा राहायची. साताऱ्याकडची. पुढे वर्षाच्या आत त्यांनी दीक्षा घेतली, बौद्ध झाले, पण ही गोष्ट त्याच्या आधीची, तेव्हा चाळ त्यांच्या दारावरनं अंग चोरून जायची. कुणी तोंडावर काही बोलायचं नाही, पण त्यांचा हंडा नळाला शेवटी लागायचा आणि त्यांच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही. रखमा गिरणीत कापसाच्या भंगारात होती, सुतातला कचरा निवडायचा, गाठी पिंजायच्या. पोटुशी राहिली तरी जात होती. सातव्या महिन्यात बाळंत झाली, मुलगी, वीतभर जीव, आणि दिवस थंडीचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिची सासू आमच्या दारात आली, हातात मातीचं खापर, म्हणाली, पोरी, जरा विस्तव दे, शेगडी विझलीया, पोर गार पडतंय. आणि मी म्हटलं, तिन्हीसांजा झाल्या, आमच्यात ह्या वेळेला घरातला विस्तव देत नाहीत. ती रिकामं खापर घेऊन तशीच जिना उतरली. चाल होती हो आमच्यात तशी, खोटं नाही. पण पार्वतीकाकीला त्याच तिन्हीसांजेला मी करवंटी भरून निखारे दिले होते, दहा मिनिटं झाली नव्हती, आणि म्हातारीने जिन्यात ते बघितलं होतं. लाज वाटते मला आज सांगताना, मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझी सासू आत बसून सगळं ऐकत होती, तिला ते लागलं असणार. दुसऱ्या दिवशी मी नळावर असताना तिने तो फळीवरचा डबाच उचलून रखमाच्या सासूला दिला, बाळाच्या तोंडाला उगाळून लाव म्हणून. तिला काय ठाऊक मी ते राखेत उकळून कुटलंय, तिच्या लेखी फणसाचं आळंबं म्हणजे बाळाचं औषध! मला पत्ताच नाही.

आणि मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राची झालीच पाहिजे म्हणून सगळा गिरणगाव रस्त्यावर, गिरण्या बंद, दुकानं बंद, गोळीबार, कर्फ्यू. पोरंसोरं गॅलरीतनं घोषणा देतायत, आम्ही बायका थाळ्या बडवतोय, अंगावर नुसता काटा! पण पुरुषमाणसं घरात बसली की करणार काय? विड्या. दिवसभर विड्या ओढून ओढून दोन दिवसांत अख्ख्या चाळीतल्या काडेपेट्या संपवल्या मेल्यांनी. मग आम्ही शेगड्या विझूच देत नव्हतो, ह्या खोलीतला निखारा त्या खोलीत.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना चाळीच्या चौकात अश्रुधुराचं नळकांडं येऊन पडलं. डोळे जळतायत, पोरं रडतायत, आणि कुणीतरी बोंब मारली, धूर दिसेल तिथे गोळी घालतायत, शेगड्या विझवा! झालं. खरं की खोटं कुणी विचारलं नाही, धडाधड पाणी ओतलं सगळ्यांनी. मीपण ओतलं. एकाच्या तोंडात पेटती विडी होती, ती त्याने घाबरून गटारात टाकली. देवापुढचे दिवे सकाळचेच शांत झालेले. अर्ध्या तासाने पोलीस पुढच्या नाक्यावर गेले, सगळे बाहेर आले, आणि एकमेकांना विचारतायत, विस्तव आहे का? तीन मजल्यांच्या चाळीत एक ठिणगी नाही, आणि रस्त्यावर पाऊल टाकायला बंदी!

इतक्यात खालनं रखमाच्या सासूचा आवाज आला, पोर काळंनिळं पडलंय गं बायांनो. त्यांनीही शेगडी विझवली होती.

मी धावत खोलीत, फळीवर हात घालते तर डबा नाही. सासूला विचारलं, ती म्हणाली, तो तर मी त्या बाळासाठी देऊन टाकला. अहो, मी डोकं धरून खालीच बसले! मग उठले, पिशवी घेतली, नारळाचं एक सोडण घेतलं, आणि जिना उतरून नळाच्या पलीकडे गेले. चार वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्यात पाय टाकला.

रखमा पोरीला उघड्या छातीशी धरून, वर पातळ गुंडाळून बसलेली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, काय, विस्तव मागाया आलीस व्हय? मी म्हटलं, डबा कुठाय? म्हातारीने कोनाड्यातनं काढून दिला, म्हणाली, उगाळाया गेले पण हे चामडं झिजंनाच, तसंच ठिवलं. सहाणेवर घासून सगळी खांडं ओली केलेली, दडपून भरलेली, दमट! मी पोलाद मारलं, ठिणगी पडली, विझली. पुन्हा मारलं. हाताची सालं निघाली, बोटातनं रक्त आलं, दहा वेळा, वीस वेळा, धरेचना. मी रडायला लागले हो. पोर कण्हत पण नव्हतं आता.

तशी रखमा म्हणाली, रडतीस काय, हिकडं आण. पोर म्हातारीकडे दिलं, सगळ्यात जाड खांड उचललं, दाताने फाडलं, आणि आतला कोरडा थर नखाने पिंजायला लागली, गिरणीत भंगार पिंजायची तसा, भराभर, बोटं दिसत नव्हती! चिमूटभर कापूस करून माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, आता मार. मी मारलं. आणि तो लाल ठिपका, माझ्या बापसाचा लाल किडा, बसला की त्याच्यावर! मी सोडणाच्या काथ्यात ठेवला, आम्ही दोघींनी एकाच वेळी फुंकर घातली, डोक्याला डोकं आपटलं, आणि भक्कन जाळ झाला. मी किंचाळले, पेटला! पेटला! बाहेर चाळीला वाटलं कर्फ्यूच उठला.

कोळसे धरले, म्हातारीने पोरीचे तळवे शेकले, आणि थोड्या वेळाने पोर असं कोकललं, असं कोकललं, की तीन मजले ऐकू गेलं. तेवढं गोड रडणं मी माझ्या चार पोरांचंही ऐकलं नाही.

तोवर दाराबाहेर लाइन लागली होती. करवंट्या, खापरं, शेगड्या घेऊन बायका उभ्या, पार्वतीकाकी सगळ्यात मागे, पदर तोंडाला. दिवेलागण झालेली. रखमा चिमटा घेऊन दारात आली, लाइनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, तिन्हीसांजा झाल्यात. दिऊ का?

मी खाली मान घातली. तिने एकेकीला निखारा दिला, मोजला नाही, हात आखडला नाही. पार्वतीकाकीला दोन दिले. त्या संध्याकाळी अख्ख्या चाळीने भात खाल्ला तो रखमाच्या शेगडीतल्या विस्तवावर.

पोरीचं नाव सुजाता. शाळेत मास्तरीण झाली, आता रिटायर होऊन शिवडीला राहते. मागच्या पावसाळ्यात गोदीच्या रस्त्याला पडलेल्या झाडावर तिला हे आळंबं दिसलं, पिशवीत घालून घेऊन आली, मावशी, बघा तुमचंच आहे का. तेच हे तुमच्या हातातलं. फणसाचं नाही, पण धरतं, मी बघितलं, घरात गॅसचा लायटर असून बघितलं!

रखमा गेली त्याला दोन वर्षं झाली. शेवटी शेवटी मी तिच्याजवळ जाऊन बसायची, एकदा धीर करून म्हटलं, रखमा, त्या दिवशी मी विस्तव दिला नाही, तू विसरलीस का गं? ती म्हणाली, न्हाय, इसरन कशी, पर तू आलीस तेबी इसरले न्हाय. आणि माझा हात हातात घेतला, बोटावरचा तो जुना वण चाचपून बघितला. गारगोटी तिने मागून घेतली होती, ती आता सुजाताकडे आहे, पोलाद माझ्याकडे. पेटवायचं तर आता दोन घरांनी एकत्र यावं लागतं, आणि असूदे ते तसंच.