मुक्कामाच्या गाडीची भाकरी

बाई, तुमी शाळेत लिवायचं शिकवता म्हनून तुमाला सांगते, न्हाईतर मी एवढं कुनापुढं बोलले न्हाई. लिवा, पन गावात वाचून दाखवू नका.

माजं माहेर बी पाथर्डीच्या अंगाचं, कोरडं. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे आन् मी आजीपाशी ऱ्हायची, म्हनून चौथीपर्यंत तरी शिकले. आजी गेली तशी माजी शाळा गेली, पाचवीच्या वयाला मी उसाच्या फडात मोळ्या बांधत हुते. लिवता येतं मला, जोडाक्षर चुकतं पन येतं. बोलायचंच काय ते जमलं न्हाई. आई म्हनायची, ह्या पोरीच्या तोंडाला देवानं कुलूप घातलं आन् किल्ली स्वतःजवळच ठेवली.

लगीन होऊन हितं आले. आमचं घर मारुतीच्या पाराला लागून, आन् पारापुढंच मुक्कामाची गाडी उभी ऱ्हायची. तुमी नवीन, तुमाला ती गाडी ठाऊक न्हाई. दिवस मावळायला तालुक्याहून लाल गाडी यायची ती रातभर हितंच थांबायची, डायव्हर-कंडक्टर देवळात आंग टाकायचे, आन् सकाळी सहाला हायस्कुलाच्या पोरी, दूधवाले, दवाखान्याचे, कोर्टाचे, सगळ्यांना भरून परत जायची. एकदा त्यांनी पानी मागितलं तर आमचे मालक मला म्हनले, पानी काय देती, भाकरी दे, आपल्या दारात आलेली मानसं उपाशी निजतील काय. तवापासून, तोडीवरनं गावात असू तवा, मी रोज दोघांचं करू लागले.

मंग मालक गेले. जलमभर उसाच्या ट्रॅक्टरमागं धावले, तवा काय झालं न्हाई, आन् घरी तीन दिसाच्या तापानं गेले. लेक आन् सून तिकडं कारखान्याच्या भागातच ऱ्हायले. लेकाचा फोन येतो, आई जेवली का, जेवले, बरं हाय का, बरं हाय, ठेवू का, ठेव. झालं.

आता एकट्या बाईनं परक्या गड्यांना कसं वाढायचं, लोक काय म्हनतील, पन भाकरी बंद करायची तर मालकांचा शब्द मोडतो. मंग मी असं केलं, टोपलीत भाकरी-कालवण झाकून ओट्यावर ठेवायची, कुत्र्यासाठी वर दगड ठेवायचा आन् बाहेरचा बल्ब लावून आत यायचं. बल्ब लागला की त्यांना कळायचं. सकाळी भांडी घासून ओट्यावर पालथी घातलेली असायची. कधी टोपलीत मेथीची जुडी, कधी बाजारातले पेरू. नाव मी विचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. मानसं बदलायची, पन एक उंच कंडक्टर वर्सानुवर्सं पुन्हापुन्हा यायचा, मी त्याला खिडकीतूनच बघितलेलं, म्होरून न्हाई.

एकदा तो मुक्कामाला आलेला, सकाळी टोपलीत चिठ्ठी हुती, तिकिटाच्या कागदावर. वांगे खात नाही, राग मानू नका. मी लई वेळ ती हातात धरून बसले. मला कुनी कागद लिवला असं ते पयल्यांदाच. रातच्याला टोपलीत तीच चिठ्ठी ठेवली, खाली लिवलं, बरं. तवापासून वांगं केलं न्हाई. काय सांगू तुमाला, आमचं बोलनं म्हनाल तर तेवढंच. सकाळी निघताना डायव्हर दोनदा हॉर्न वाजवायचा. एक गावासाठी आन् एक मला, असं मी मनानंच धरलं हुतं. कुनाला विचारलं न्हाई, विचारलं असतं तर खोटं निघालं असतं.

करोना आला आन् गाडी थांबली. मी चार दिस तिघांच्या भाकरी थापल्या, मंग शेजारच्या यमुनाबाई म्हनल्या, अगं कुनासाठी थापती, मुलखाच्या गाड्या बंद हायत. करोना सरला, मंग एस्टीवाल्यांचा संप झाला, तो लई दिवस चालला. त्याच्यानंतर गाडी आली ती फाट्यापर्यंतच, दिवसातून दोन खेपा, पयली दहाला. फाटा म्हंजे इथून तासाची चाल. डायव्हर बी ठेक्यावरचे, साध्या शर्टातले, आज हा तर उद्या तो. हायस्कुलाच्या पोरींना दहाची गाडी काय कामाची.

सरपंचांनी मुक्कामाच्या गाडीसाठी अर्ज केला तसे एस्टीचे एक साहेब बघायला आले. पारावर गडीमानसं बसली, बाया दाराआड. साहेबांनी रस्ता बघितला, पोरी किती ते विचारलं, मंग म्हनाले, मुक्कामाला आमच्या माणसांची सोय कोण करत होतं. सरपंच म्हनाले, गाव करायचं की साहेब. साहेब म्हनाले, गाव म्हणजे कोण, नाव सांगा, मला लिहायला लागतं. तवा पारावरनं कुनीतरी म्हनलं, लिवा की मारुतीराया, त्याच्याच देवळात निजायचे. आन् सगळे हसले.

मी माज्या दारात हुते बाई. धा पावलांवर. माज्याच ओट्याला टेकून साहेबांची पिशवी ठेवलेली. यमुनाबाईंनी मला कोपर मारलं, म्हनल्या बोल की गं मुके. माज्या तोंडात शब्द आलेला, मी करते, एवढाच. पन म्होरं चुलत सासरे बसलेले, दीर बसलेले, आन् मी पदर दातात धरून उभी. साहेबांनी वहीत काय लिवलं ते लिवलं आन् गेले. महिन्यानं कागद आला, मुक्कामाची सोय न्हाई, गाडी फाट्यापर्यंतच ऱ्हाईल.

यमुनाबाईंची नात सोनाली नववीत हुती, लई हुशार. रोज जीपचं भाडं तिच्या बापाला जमंना, आन् फाट्यावरनं मोठ्या रस्त्याची सकाळची गाडी मिळती, पन पोरीला पहाटं तिथवर एकटं कोन सोडनार. दिवाळी झाली तसा बाप तिला ऊसतोडीला घेऊन गेला. ट्रॅक्टरवर भांड्यांच्या मधी बसली हुती, माज्याकडं बघून हसली. मी पाचवीच्या वयाला तशीच गेलेली. पोरीची शाळा माज्या मुक्या तोंडानं गेली, असंच वाटलं.

मंग मी सोनालीच्या जुन्या वहीतलं पान घेतलं आन् लिवलं, मुक्कामाच्या माणसांची भाकरी मी करत होते, पुढे पण करीन. चालत फाटा गाठला, गाडीत बसले. डायव्हर आधी उसाचा ट्रक चालवायचा, आपनहून बोलत हुता, मावशी, आमी ठेकेदाराची मानसं, अंधाराच्या आत गाडी डेपोत लावली न्हाई तर उद्या दुसरा बसतो. मुक्काम कसला घेऊन बसलात.

तरी मी डेपोत गेले. खिडकीतनं कागद आत सारला. आतल्या मानसानं वाचला, पुन्हा वाचला, म्हनाला, मावशी, तो मार्ग आता ठेक्यावर गेला, मुक्कामच उरला नाही. मी म्हनलं, साहेब गावात आलते तवा मी बोलले न्हाई. तो म्हनाला, तुम्ही तेव्हा बोलला असता तरी गाडी आली असतीच असं नाही. त्यानं खरं सांगितलं का माजं मन राखलं, देवाला ठाऊक.

मी निघेना तसा तो म्हनाला, अजून काय. मी म्हनलं, ते उंच कंडक्टर हुते ते कुठं असतात. नाव काय? ठाऊक न्हाई. बिल्ला नंबर? न्हाई. मंग ओळखायचं कसं मावशी? मी म्हनलं, ते वांगं खात न्हाईत. आतली मानसं हसली. एक पिकल्या केसाचा कंडक्टर तिथं बसलेला, तो मात्र हसला न्हाई. म्हनाला, संपानंतर घरीच बसले ते, राजूरकडं गावी असतात, माझं जाणं होतं तिकडं. तुम्हीच का त्या, बल्बवाल्या बाई? मी मान हलवली. त्यानं माजा कागद घडी करून खिशात घातला.

परवा फाट्यावर तो उसाच्या ट्रकवाला डायव्हर पुन्हा भेटला, म्हनला मावशी, तुमचं टपाल. माजाच कागद. खाली तेच अक्षर, जरा हललेलं. कागद मिळाला. आता वांगे पण खातो. राग मानू नका.

मी गाडीत बसलेच न्हाई, तशीच माघारी आले. वाटंनं वाटत हुतं, बायको गेली असंल का, दुसऱ्याच्या हातचं खात असंल, जे वाढतील ते गिळत असंल, आन् सांगायला तिथं टोपली कुठली.

सोनाली पाडव्याच्या सुमाराला येईल. तिच्या बापाला मी फोनवर बोलले, पोरीला माज्याकडं ठेव, जूनपासून फाट्यापर्यंत मी सोडते, मला काय काम हाय. तो हो म्हनला न्हाई, न्हाई बी म्हनला न्हाई. तुमी बी एक शब्द टाका बाई.

कागद देवाच्या फळीवर हाय. खाली एका शब्दाची जागा ऱ्हायलीय. दोनदा पेन्सिल घेऊन बसले, बरं लिवायला, पन लिवून होत न्हाई. असूद्या. ज्याच्या ताटात तो जेवतो त्या घराला काय कमी पडू नये, आन् एखाद्या दिवशी तिथं कुनीतरी त्याला विचारावं, तुमाला काय आवडत न्हाई.