तुम्ही, तू आणि दोन जिने

...आणि वर मलाच विचारतात, "पाय दुखायला तुम्ही काय डोंगर चढलात का, मस्यू फर्नां?" अहो, जिना चढलो, जिना! त्या शांबोरच्या महालात जिने दोन, आणि दोन्ही वेणीसारखे एकमेकांत गुंफलेले. तुम्ही एकातनं चढा, दुसऱ्यातला माणूस मधल्या झरोक्यातनं दिसतो, हात हलवतो, पण भेटत म्हणून नाही. कुठल्या राजाला ही अवदसा आठवली देव जाणे. मी शेजारच्याच ब्लुआ गावचा, सारा जन्म इथे गेला, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. तुम्हीच सांगा, घराजवळचा महाल कुणी बघायला जातं का हो?

गेलो तो ओदीलसाठी. ओदील म्हणजे माझ्या समोरच्या दारात राहते ती. ती विधवा, मी विधुर, दर गुरुवारी पत्ते खेळतो, आणि इतक्या वर्षांत आमचं काय, तर "तुमची उतारी, मादाम", "तुमचा हुकूम, मस्यू". हे 'तुम्ही' काही केल्या सुटेना. एकदा 'तू' म्हणायला तोंड उघडलं, तर खोकलाच आला. तिनं आलं घालून काढा दिला, "घ्या तुम्ही."

आणि आता तिची मुलगी बोर्दोहून हाका मारतेय, "आई, खोली तयार आहे, ये." ओदील म्हणाली, संध्याकाळी मुलीला फोन करून काय ते कळवते. त्याच दिवशी आमच्या ज्येष्ठ मंडळाची सहल, दोन महाल आणि एक बाग, ओदीलनं नाव दिलेलं. मग काय करता? मीही दिलं. नाहीतर घराजवळचा महाल...

तर जिना. ती पलीकडच्या जिन्यावर, मी अलीकडच्या. प्रत्येक झरोक्यात ती दिसतेय, निळा स्कार्फ, हसतेय. म्हटलं, फर्नां, आत्ता नाही तर कधीच नाही. थांबलो, धाप लागलेली, मान खाली, डोळे माझ्या बुटांवर, आणि एका दमात बोलून टाकलं, "बोर्दोला जाऊ नकोस, माझ्याकडे राहा, तू... तू मला हवी आहेस." मान वर केली. झरोक्यात मादाम ब्रोसार.

मादाम ब्रोसार म्हणजे आमच्या गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं गाव अजून त्यांना बघून सिगारेट विझवतं. त्यांनी चष्मा नीट केला. "बोर्दोला मी कशाला जातेय? पण... 'तू'? बरं. विचार करून सांगते."

मी तोंड उघडेपर्यंत त्या वर गेल्या, मी खाली आलो, आणि बसमध्ये माझ्या शेजारच्या जागेवर त्यांची पर्स! दुसऱ्या महालात काय बघितलं विचारू नका. पलंग होते. राजे झोपत असतील, मला कुठली झोप?

मग व्हिलांद्रीची बाग. कोबीसुद्धा रांगेत, निळसर, कवायतीला उभा केल्यासारखा. मादाम ब्रोसार खूश. "बघा, एकजणही ओळ मोडत नाही." अहो, तो कोबी आहे, कुठे जाईल? पुढे झुडपं कातरून प्रेमाचे चार चौक केलेत, हळवं, धगधगतं, चंचल आणि शेवटचं ते रडकं, ज्यात कट्यारी कातरल्यात. मी नेमका कट्यारींपाशी. हळव्या बाजूनं ओदील आली आणि झुडपापलीकडनं म्हणाली, "अभिनंदन, मस्यू. मादाम ब्रोसारनी सांगितलं मला." आवाज कोरडा.

म्हटलं, "ते... ते मी तुम्हाला म्हणालो होतो. जिन्यावर. तुम्ही वर सटकलात."

तर ती काय म्हणाली? "अरे गाढवा, तुला मान वर करून बोलता येत नव्हतं?"

तुला! ऐकलंत? गाढव म्हणाली, पण 'तुला' म्हणाली! मला इतका आनंद झाला, की तिथेच कट्यारींमध्ये रडलो. तिनं रुमाल दिला आणि बजावलं, "जा, आता त्यांना तूच सांगायचंस."

परतीच्या बसमध्ये मादाम ब्रोसारच्या शेजारी बसलो, घाम पुसला, सगळं सांगितलं. त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. "मला तेव्हाच कळलं होतं. कुणाची चिठ्ठी चुकून कुणाच्या बाकावर पडली, हे बघण्यात माझी नोकरी गेली. पण इतकी वर्षं तोंड शिवून बसलेल्या मठ्ठ मुलाला एक दिवसाची शिक्षा नको?" मागे ओदील फोनवर मुलीला सांगत होती, "नाही गं येत. इथे बरं चाललंय."

झालं की सगळं मनासारखं. ओदील आता माझ्याकडेच असते, आणि दिवसभर तू, तू, तू. तू दार लोटलंस का, तू चीज संपवलंस का, तू मोजे कुठे टाकलेस. परवा सकाळी म्हणाली, "तू घोरतोस." आता मला सांगा, 'तुम्ही घोरता, मस्यू' म्हणाली असती, तर ते जरा तरी कमी लागलं असतं की नाही?